धोब्याची खूण

पुण्याहून एका संपादकांचं पत्र आलं, की पोथ्या सांभाळण्याच्या तुमच्या कामाविषयी आमच्या दिवाळी अंकाला काहीतरी लिहा. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमची सुंदरा तेव्हा कढीलिंब निवडत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, चौतीस वर्षं धूळ पुसली म्हणून कळवा, एका ओळीत काम होईल. पण संपादकांना पाच-सहा पानं हवी होती, म्हणून ही बाकीची धूळ.

आधी भाषेची माफी मागून घेतो. आमचे पूर्वज तंजावरला आले तेव्हा येताना जेवढी मराठी घेऊन आले, तेवढ्यावरच आम्ही अजून भागवतो. कमी पडली की शेजारच्या तमिळकडून शब्द उसना आणतो. उसना आणलेला परत करायची आमच्याकडे फारशी चाल नाही, ते पुढं कळेलच. हा मजकूर कुणीतरी तिकडचा माणूस तपासून देणार आहे. तरी एखादं वाक्य तंजावरी हेल काढून चालायला लागलं तर त्याला चालू द्यावं.

मी इथल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात होतो. काम दोन प्रकारचं. एक, पोथ्या जगवायच्या. दुसरं, त्या वाचून त्यांची सूची करायची. ताडपत्राची गंमत अशी, की त्यावर लोखंडी लेखणीनं कोरलेलं अक्षर नुसतं दिसत नाही. वरून काजळी चोळून पुसली की ते उमटतं. जुन्या पानाची काजळी उडालेली असते, पान वाळून कडक झालेलं असतं, तेव्हा गवती चहाचं तेल बोटानं हळूहळू जिरवायचं. कागदी पोथीला तेल चालत नाही. तिच्याशेजारी वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर कुटून केलेली पुरचुंडी ठेवायची, म्हणजे कसर लागत नाही. या दोन वासांचं मिश्रण माझ्या अंगाला कायमचं चिकटलं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हटकून विचारायचा, कुठं दुखतंय म्हणून. सुरुवातीला मी सगळं समजावून सांगत असे. पुढं पुढं गुडघा, एवढंच सांगून मोकळा होऊ लागलो.

माणसंही नाना तऱ्हेची यायची. पापनाशमकडच्या एका खेड्यातला गडी एकदा मोपेडवर ताडपत्रांची जुडी बांधून आला. घरात पुरलेल्या धनाचा नकाशा आहे, अशी त्याची खात्री होती. एका ज्योतिषानं तसं सांगितलं होतं आणि त्यानं गोठा खणूनही ठेवला होता. मी दोन दिवस बसून वाचलं. गुरांच्या दुखण्यांवरचे उपाय निघाले. तो माझ्यावर इतका संतापला, की तुम्ही सरकारी माणसं धन दाबून टाकता, असं सगळ्यांदेखत म्हणाला. महिन्याभरानं तोच नारळांचं पोतं घेऊन हजर. गोठ्यातल्या त्या खड्ड्यात गाय पडली होती, तिचा पाय सुजला होता, आणि पोथीत नेमका सुजलेल्या पायाचा लेप होता. गाय उठली. मी आयुष्यात बरं केलेलं एकमेव जनावर ते.

आता मनातली एक खोड सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर येऊन थांबतं. आमच्या सूचीचे खंड छापले जात. पोथी कुणी वाचली, कुणी नोंद केली, त्याचं नाव त्यात नसे. प्रस्तावनेत मंत्र्यांचे आभार, सचिवांचे आभार, मुद्रकाचे आभार. एका खंडात तर वीज गेली तेव्हा जनरेटर देणाऱ्याचेही आभार होते. प्रत्येक नवा खंड मी घरी आणायचो आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवून स्वतःचं नाव शोधायचो. सुंदरा विचारायची, सापडलं का. मी म्हणायचो, कुणाचं? मी नोंदी बघतोय.

तर जज्ज सेतुराव. हे आमच्याच मराठी लोकांपैकी, दीडशेएक वर्षांपूर्वी इथल्या कोर्टात जज्ज होते. गृहस्थ विद्वान, आणि पोथ्यांचं जबर वेड. त्या काळी दिवाणी दाव्यात लोक घरातल्या पोथ्या, वह्या, कागद पुरावा म्हणून आणून कोर्टात ठेवत. निकाल लागला की जज्जसाहेब त्यातली बरी दिसेल ती पोथी वाचायला घरी नेत. निकालात त्यांनी कधी खोट केली असं कुणी म्हणत नाही. पण सेतुरावांच्या कोर्टात दावा जिंकता येतो, पोथी नाही, असं गावात बोललं जायचं. समासात ते मोडीत टिपणं लिहीत. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, आणि शब्द संपला की शेवटच्या अक्षराला मागं वळणारं लांब शेपूट. ती शेपटं मी इतकी वर्षं पाहिली, की बाजारात नुसतं शेपूट दिसलं तरी मी अक्षर ओळखलं असतं.

त्यांच्या खापरपणतवाला घराचा माळा पाडून वर खोल्या काढायच्या होत्या. त्यानं सगळा संग्रह आमच्याकडे देऊन टाकला. टेम्पो घेऊन मीच गेलो. माळ्यावर गाठोड्यांची रास होती, उंदरांनी त्यात संसार थाटले होते. मी तेव्हा नुकताच परगावी तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. नवी विटी, नवं राज्य. पोथी ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात. जुन्या मळक्या रुमालात किडीची अंडी असतात, ते काढून टाकावेत, असं तिथं शिकवलं होतं. काढण्याआधी कुठला रुमाल कुठल्या पोथीचा ते लिहून ठेवावं, असंही शिकवलं असणार. त्या दिवशी बहुधा मी कापी प्यायला बाहेर गेलो होतो.

पंधरा दिवसांत मी एकूण एक गाठोडं सोडलं, पोथ्या झटकल्या आणि नव्याकोऱ्या लाल कापडात बांधल्या. ओळीनं लावलेली ती लाल गाठोडी बघून साहेबांनी माझी पाठ थोपटली. जुन्या चिंध्यांचा ढीग मागच्या अंगणात जाळायला काढला. त्यात सात-आठ कापडं मात्र चांगली होती. सुंदरा तेव्हा गरोदर होती आणि बाळाच्या गोधडीसाठी मऊ जुनं सुती कापड हवं म्हणून रोज आठवण करत होती. आता जाळायचंच आहे तर, असं म्हणून मी ती पिशवीत घालून घरी नेली.

तिनं ती रिठ्यात उकळून घेतली, किडीची मलाही भीती होतीच. त्यात एक जाड पांढरं कापड होतं, दोन हात लांब. मधोमध तांबूस डाग, आणि एका कोपऱ्यात काळी अक्षरं. दोनदा धुऊनही अक्षरं जाईनात. ती मला दाखवायला घेऊन आली. मी चष्मा न लावता बघितलं आणि म्हणालो, धोब्याची खूण आहे, बिब्ब्याची शाई ती, सेंगोट्टै, जन्मात जायची नाही. दुसऱ्यांची किडकी अक्षरं वाचण्याचा पगार घेणारा माणूस मी, पण धोब्याची खूण कोण वाचत बसतो? तिनं ते कापड गोधडीच्या आतल्या थराला घातलं, म्हणजे डाग दिसायला नको. गोधडी छान झाली. मुलगी त्यावर वाढली, पुढं लग्न होऊन कोइमतूरला गेली, आणि गोधडी माझ्या खाटेवर आली.

त्याच संग्रहात एक लहान वही होती, बाळबोध अक्षरातली. लग्नात बायका म्हणतात ती गाणी. नवरीला हळद लावताना, तेल लावताना, वरमाईला चिडवताना. पहिली आणि शेवटची पानं कसरीनं खाल्लेली. सूचीत मी लिहिलं: स्त्रीगीते, कर्ता अज्ञात, मालक अज्ञात, जज्ज सेतुराव संग्रह. अज्ञात हा माझ्या सूचीतला सर्वांत मोठा ग्रंथकार. त्यानं सर्व विषयांवर लिहिलंय.

निवृत्त झाल्यावर मला पुन्हा बोलावणं आलं. संग्रहाच्या नव्या अधिकारी मलर्विळी मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या, तमिळ, कामाला वाघ. त्यांनी संगणकावरच्या सूचीत एक नवा रकाना काढला होता: ही पोथी कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली. तो भरायला जुना माणूस हवा होता. शिवाय जज्जसाहेबांच्या संग्रहाचं प्रदर्शन मांडायचं ठरलं होतं, त्याच्या पाट्याही मीच लिहायच्या होत्या. गाण्यांच्या त्या वहीत नवऱ्याचं नाव म्हणून जागोजाग सुबराव येतं, आणि जज्जसाहेबांच्या भावाचं नाव सुबराव होतं. म्हणून मी पाटीवर लिहिलं, सेतुरावांच्या घरातील स्त्रियांची गाणी, बहुधा. पाटी रंगवणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून ‘बहुधा’ गाळलं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. तमिळ वर्तमानपत्रात प्रदर्शनाची बातमी वहीच्या फोटोसकट आली.

तिसऱ्या दिवशी ओरत्तनाडुहून एक बाई आल्या. यमुनाबाई, सत्तरीच्या पुढच्या, तमिळ शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. हातात छत्री आणि दोरी बांधलेली फाईल. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी ती पदरानं पुसली, आणि मलर्विळी मॅडमना तमिळमध्ये व मला मराठीत, एकाच गोष्टीचे दोन तुकडे करत, सगळं सांगितलं.

त्यांच्या आजीची आजी अंबाबाई. नवरा सुबराव, छत्रात, म्हणजे राजाच्या धर्मशाळेत, कारकून. लग्न दूरच्या गावी लागलेलं. नवरा मेला तेव्हा भटजीही मेलेला होता, आणि दिरांनी कोर्टात सांगितलं, की ही लग्नाची नव्हेच, ठेवलेली आहे, हिला घरातून काढा. बाईकडे दाखवायला दोनच गोष्टी होत्या. एक, तिच्या लग्नात तिच्या आईनं गायलेल्या गाण्यांची वही. दुसरं, लग्नातला अंतरपाट, नवरा-नवरीमध्ये धरलेलं ते कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. तिनं वही अंतरपाटात गुंडाळली आणि ते गाठोडं कोर्टात ठेवलं. जज्जसाहेबांनी निकाल दिला, की ही लग्नाचीच बायको. घर मिळालं. गाठोडं मिळालं नाही. ती तीनदा मागायला गेली, तिन्ही वेळा जज्जसाहेबांनी वाचून देतो असं सांगितलं. मग ती वारली.

यमुनाबाई म्हणाल्या, दिरांचा वंशही ओरत्तनाडुतच आहे, चार घरं सोडून. लग्नकार्यात अजून कुणीतरी हळूच म्हणतं, घर जिंकलं खरं, पण पुरावा कुणी पाहिलाय? आणि आता वर्तमानपत्रात आलं, की ती गाणी जज्जांच्या घरची.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “मला वही नको जी. तुमच्याकडेच बरी राहील ती. नुसतं तिथं तिचं नाव लिहा.”

मलर्विळी मॅडमनी अगदी रास्त प्रश्न विचारला. वहीत सुबराव आहे, पण सुबराव तंजावरात गल्लीगल्लीत होते. अंबाबाई कुठंच नाही. ती असणारही नव्हती, कारण आमच्या बायका लग्नाच्या गाण्यात नवऱ्या मुलाचं नाव घेतात, नवरीचं नाही. मग ही वही तिचीच, कशावरून?

“अंतरपाटावरून. कोपऱ्यात कोर्टाच्या माणसानं बिब्ब्यानं नाव घातलेलं आहे. धुतलं तरी न जाणारं. आजी सांगायची आम्हांस.”

मलर्विळी मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, सार, वही आली तेव्हाचा रुमाल कुठाय?

दोन हात लांब पांढरं कापड, मधला तांबूस डाग, कोपऱ्यातली काळी अक्षरं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं उभं राहिलं. आणि मी, चौतीस वर्षं नोकरीत एक पान इकडचं तिकडं न केलेला माणूस, शांतपणे म्हणालो, “असं कापड आलंच नव्हतं.”

का म्हणालो? भीतीनं म्हणालो. पेन्शनची नाही, ती कोण काढून घेतो. लाल गाठोड्यांची ती रांग हीच माझी एकुलती एक शाबासकी होती, ती जाईल याची भीती. लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, पण आहे ती अशी.

यमुनाबाईंनी फाईलीची दोरी पुन्हा बांधली, दोनदा गाठ मारली. “सेरी, बरं,” त्या म्हणाल्या. “मग आमच्या आजीनंच खोटं सांगितलं असेल.” आणि छत्री घेऊन बसस्टँडकडे निघाल्या.

मी दुपारी घरी आलो, जेवलो नाही. सुंदरानं विचारलं, गुडघा का? मी तिला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. ती उठली. माझ्या खाटेशी गेली, गोधडी उचलली, उन्हाच्या दिशेनं धरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा सव्वीस वर्षं घरातच होता, आणि आता तर पाठीखाली.

मी कात्री आणली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. “टाके मी घातलेत. मीच उसवीन.”

गच्चीवर सतरंजी घालून ती बसली. ती गोधडी तिनं पोटात सातवा महिना असताना शिवली होती, प्रत्येक ओळ सरळ, तांदळाएवढा टाका. ती एकेक टाका उचलून कापत होती आणि कापलेला दोरा बोटाला गुंडाळून ठेवत होती. मी मदत करू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही आधीच खूप केलंय. तासाभरानं आतला थर मोकळा झाला. कुंकू धुऊन धुऊन अगदी फिकं झालं होतं, पण आता बघितल्यावर ते स्वस्तिक नाही असं आंधळाही म्हणाला नसता. कोपरा मात्र काळाकुळकुळीत होता.

या वेळी मी चष्मा लावला. मोडीच होती. कारकुनाच्या ठळक अक्षरात वर दाव्याची खूण, खाली ‘अंबाबाई, पोथी एक, वस्त्र एक’. कारकुनानं नुसतं अंबाबाई लिहिलं होतं, कारण निकाल लागायचा होता आणि ती कुणाची कोण हे तोवर ठरलं नव्हतं. त्या नावाच्या पुढं, जागा नसताना, ओळीच्या वर चढवून दुसऱ्या हातानं दोन शब्द घातले होते: ‘कोम सुबराव’. कोम म्हणजे अमक्याची बायको, कोर्टाची मराठी ती. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, शेवटाला मागं वळलेलं शेपूट. निकाल दिल्यावर जज्जसाहेबांनी कारकुनाची बिब्ब्यात बुडवायची काडी स्वतःच्या हातात घेऊन ते लिहिलं असणार. आणि सगळ्यांत खाली, त्याच हातानं: ‘वाचून परत देणे.’

मी ते सुंदराला वाचून दाखवलं आणि मला एकदम रडू आलं. त्या विद्वान माणसाचा मी आयुष्यभर मनातून हेवा केला, आणि शेवटी आमची जोडी जमली ती इथं. त्यांनी वाचून परत दिलं नाही. मी तर वाचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघं ओरत्तनाडुला गेलो. कापड नव्या पिशवीत, मांडीवर. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि कालवे होते, सुंदरा खिडकीतून बघत होती, आणि मी कबुलीजबाबाची वाक्यं जुळवत होतो. यमुनाबाईंनी दार उघडलं तेव्हा एकही आठवलं नाही. मी कापड त्यांच्या टेबलावर पसरलं.

त्यांना मोडी येत नाही, बाळबोधही येत नाही. त्यांच्या घरात मराठी फक्त तोंडात उरली आहे. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि वाचा म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी ‘अंबाबाई कोम सुबराव’ म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याबरोबर ओठ हलवले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मग त्यांच्यातली मुख्याध्यापिका परत आली. “काल तुम्ही खोटं बोललात.”

“होय.”

“कापड कुठं होतं इतकी वर्षं?”

सांगितलं. गोधडी ऐकल्यावर त्यांनी सुंदराकडे पाहिलं, मग कापडाला दिसणाऱ्या सुईच्या भोकांकडे पाहिलं. भोकांच्या ओळीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, शिवण चांगली आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की त्यांच्या शाळेत अर्ध्या उत्तराला मार्क मिळत नसत. हातून हाती गेल्याचा रकाना आहे ना तुमचा, त्यात सगळे हात आले पाहिजेत. मी म्हणालो, येतील. त्या आत जाऊन कापी घेऊन आल्या. वहीतली दोन गाणी मी आठवणीतून म्हणून दाखवली तर तिसरं त्यांनीच सुरू केलं, चालीसकट. ते वहीतल्या खाल्लेल्या पानावरचं होतं, तिथं त्याचे सुरुवातीचे शब्द तेवढे उरले होते. पुढचे चार शुक्रवार मी तिकडे जाऊन वहीची नक्कल वाचत होतो आणि त्या तमिळ अक्षरात उतरवून घेत होत्या, नातीच्या लग्नात बायकांना वाचता यावी म्हणून.

मलर्विळी मॅडमना सांगणं सर्वांत अवघड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, सार, बाकीच्या सात कापडांचं काय? मी म्हणालो, तीही गोधडीतच आहेत, कोरी आहेत, तपासलीत. आणि जाळलेली? मी म्हणालो, त्यांची राख झाली. त्या माळ्यावर आणखी किती अंबाबाई होत्या कोण जाणे. त्या सगळ्यांना मी अज्ञात करून ठेवलं, स्वच्छ लाल कापडात बांधून.

प्रदर्शनातली पाटी बदलली. अंतरपाट काचेत वहीशेजारी ठेवला आहे, कोपरा वर करून. यमुनाबाईंनी चार घरं पलीकडच्या त्या मंडळींना स्वतः बसभाडं देऊन बघायला आणलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं काचेला हात जोडले, एवढं मी पाहिलं. सुंदरानं गोधडीतली मोकळी जागा एका लाल पट्टीनं भरून काढली. ती लाल पट्टी आमच्या घरात कुठून आली, हे कृपा करून कुणी विचारू नये.

आणि या वर्षी सूचीचा नवा खंड छापून आला. मी तो घरी नेला आणि सवयीनं बोट फिरवायला लागलो. वहीची नोंद सापडली. मालक: अंबाबाई कोम सुबराव, ओरत्तनाडु. तिथून कोर्ट, तिथून जज्ज सेतुराव, तिथून आमचा संग्रह. खाली एक ओळ: ‘वेष्टनाचा अंतरपाट सव्वीस वर्षे सूचीकार स्वामिनाथराव यांचे घरी गोधडीच्या आतल्या थरात.’

चौतीस वर्षं शोधलेलं नाव शेवटी सापडलं ते असं. मी मोठ्यानं हसलो, आणि सुंदराला ती ओळ दोनदा वाचून दाखवली. तिलाही बाळबोध येत नाही. तिनं हात पुसले, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “गोधडी शिवली कुणी, ते कुठं लिहिलंय?”

मी पान उलटं-सुलटं केलं. नव्हतं लिहिलेलं. ओळ मीच लिहून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी मी मलर्विळी मॅडमच्या ऑफिसाबाहेर उभा होतो. खंडाला आता एक शुद्धिपत्र जोडलं आहे. त्यात एकच नोंद आहे: गोधडी शिवणार, सुंदराबाई कोम स्वामिनाथराव.